पत्रिकेवरील ‘मा.’ म्हणजे माननीय की माजी? आजी-माजी पदाधिकाऱ्यांचा उल्लेख कसा करावा?

वाचनालय-कार्यवाह (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला येत्या महिन्यात ५० वर्षे पूर्ण होत आहेत आणि निमंत्रणपत्रिकेचा मसुदा करण्याचे काम कार्यवाह या नात्याने माझ्याकडे आले आहे. कार्यक्रमाची रूपरेषा एका संध्याकाळी ठरली, परंतु नावांच्या आधी काय लिहावे आणि नावांच्या खाली काय लिहावे, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका होऊनही एकमत झालेले नाही.

अडचण कशी आहे ते सांगतो. ज्यांनी वाचनालयाला सध्याची जागा मिळवून दिली ते गृहस्थ १५ वर्षे गावचे सरपंच होते. आज त्यांचे वय ८१ आहे, आणि त्यांना पद सोडून बराच काळ झाला असला तरी गाव त्यांना ‘सरपंच’ याच नावाने ओळखते. सध्याच्या सरपंच या कृषी पदवीधर असलेल्या, पस्तिशीच्या आतल्या बाई आहेत. बाहेरगावचा माणूस एसटीतून उतरून ‘सरपंचांचे घर कोठे?’ असे विचारतो, तेव्हा पारावरची मुले अजूनही त्याला जुन्या सरपंचांच्या वाड्याकडे पाठवतात.

गेल्या वर्षी ग्रंथदिंडीच्या पत्रिकेत आम्ही दोघांच्याही नावाखाली ‘मा. सरपंच’ असे छापले. तालुक्याच्या छापखान्यात संगणकावर जुळणी करणाऱ्या मुलाला मी विचारले होते, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, मा. दोघांनाही चालतं की!’ चालले खरे, पण वयाचा मान म्हणून जुन्या सरपंचांचे नाव वर घातले होते, त्यामुळे बाहेरच्या पाहुण्यांनी वरचे ‘मा.’ माननीय आणि खालचे ‘मा.’ माजी असे वाचले. एका वक्त्यांनी तर भाषणात विद्यमान सरपंचांचा उल्लेख ‘आपल्या माजी सरपंच’ असा केला. बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझ्याकडून पत्रिका मागून घेतली, त्या दोन अक्षरांखाली पेनाने रेघ ओढली आणि पत्रिका माझ्या हातात परत दिली.

या वर्षी व्यासपीठावर या दोघांखेरीज एक माजी सभापती आहेत आणि शेजारच्या शहरातील, मागील सभागृहात असलेले एक नगरसेवक आहेत. कोणाचा उल्लेख कसा करावा, बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ लिहावे की ‘श्रीमती’, आणि सूत्रसंचालकाने प्रत्यक्ष बोलताना जुन्या सरपंचांना काय म्हणावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त-विस्तार-अधिकारी

कार्यवाह महोदय, पंचायत विभागात माझी २९ वर्षे गेली आणि त्यातला बराच काळ पत्रिका, कोनशिला आणि इतिवृत्ते तपासण्यातच गेला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ‘माजी’ या शब्दाचे संक्षिप्त रूप कधीही करू नये. मराठी लेखनव्यवहारात ‘मा.’ हे माननीय या शब्दासाठी इतके पक्के झाले आहे की त्याच दोन खुणांवर दुसरा अर्थ लादला की घोटाळा ठरलेलाच. माजी लिहायचे असेल तर पूर्ण लिहावे, आणि ते व्यक्तीच्या नावाआधी न लिहिता पदाच्या आधी लिहावे. म्हणजे ‘मा. श्री. अमुक, माजी सरपंच’ असे. यात माननीय ती व्यक्ती आहे आणि माजी ते पद आहे. ‘माजी श्री. अमुक’ असे लिहिलेलेही मी पाहिले आहे, पण श्री. कधी माजी होत नाही, कैलासवासी होतो.

दुसरी गोष्ट, पदाचा उल्लेख कार्यक्रमाच्या तारखेला जे खरे असेल तसाच करावा. सरपंचाची मुदत साधारणपणे ५ वर्षांची असते, परंतु जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि पंचायत समितीचे सभापती यांची मुदत अडीच वर्षांची असते, आणि पक्षांतर्गत तडजोडीत तीही ‘सव्वा-सव्वा वर्ष’ अशी वाटून दिली जाते. त्यामुळे एकाच पंचवार्षिकात एकाच तालुक्याला चार सभापती पाहायला मिळतात आणि पत्रिका छापून वाटेपर्यंत आजीचे माजी झालेले असतात. छपाईच्या आदल्या दिवशी पंचायत समितीत एक फोन करून खात्री करून घ्यावी, यात कमीपणा काही नाही.

तुमच्या माजी सभापतींविषयी एक प्रश्न मीच विचारतो. ते कशाचे सभापती होते? पंचायत समितीचा प्रमुख सभापती असतो, जिल्हा परिषदेच्या बांधकाम, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांच्या प्रमुखांनाही सभापतीच म्हणतात, आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचाही सभापती असतो, जिचा पंचायत राज्याशी थेट संबंध नाही. नुसते ‘माजी सभापती’ लिहिले की वाचणारा आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावतो आणि त्या तीनही पदांवर राहून गेलेल्या माणसांपैकी दोघे रुसतात. ‘माजी सभापती, पंचायत समिती’ आणि पुढे तालुक्याचे नाव, एवढे लिहिले की प्रश्न मिटतो.

नगरसेवकांच्या बाबतीत मुदत संपल्याची तारीख पाहावी. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्याची त्यानंतर आठवड्याने संपली, आणि तेव्हापासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत प्रशासक होते. त्या जवळजवळ चार वर्षांत शहरांतून शेकडो फलकांवर ‘नगरसेवक’ ही पाटी तशीच राहिली, कारण नवीन कोणी आलेच नव्हते. पण पुढचा माणूस यायचा राहिला म्हणून मागचा पदावर राहत नाही. मुदत संपली त्या दिवशी सदस्यत्व संपले. तुमचे पाहुणे पुन्हा निवडून आले नसतील तर ते ‘माजी नगरसेवक’. निवडून आले असून नव्या सभागृहाचे कामकाज अद्याप सुरू व्हायचे असेल तर ‘नवनिर्वाचित’ म्हणावे. आणि ‘निवर्तमान’ हा शब्द पद सोडण्याच्या बेतात असलेल्यासाठी आहे. वर्षापूर्वी पायउतार झालेल्याला निवर्तमान म्हणणे म्हणजे गेलेल्या गाडीला सुटणारी गाडी म्हणणे होय.

‘विद्यमान’ हा शब्द शक्यतो टाळावा. सरपंच लिहिले की तो आजचाच सरपंच असतो, त्याला विद्यमान असे म्हणावे लागले तर कोठेतरी शंका आहे असा अर्थ निघतो. ‘लोकनियुक्त सरपंच’ हेही पदनाम नाही. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत राज्यात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. त्या उलथापालथीत आपण थेट मतांनी आलो हे सांगण्याची हौस म्हणून हा शब्द फलकांवर चढला. निवडून येण्याची रीत कोणतीही असो, पदनाम तेच आहे.

पत्रव्यवहारासाठी मात्र नावाची गरजच नाही. अर्ज किंवा विनंतीपत्र पदाला लिहावे: ‘प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत अमुक’, आणि खाली ‘महोदय’ किंवा ‘महोदया’. असे पत्र उद्या सरपंच बदलले तरी दप्तरात जिवंत राहते. सत्काराचे किंवा आभाराचे पत्र तेवढे व्यक्तीच्या नावाने असावे.

जाता जाता कोनशिलेविषयी. वाचनालयाच्या भिंतीवर जुन्या सरपंचांच्या नावाची कोनशिला असेल आणि तिच्यावर ‘सरपंच’ असे कोरलेले असेल, तर ते तसेच राहू द्यावे. कोनशिला त्या दिवसाची साक्ष असते. एका गावात उत्साही मंडळींनी जुन्या कोनशिलेवर रंगाने ‘माजी’ असे वरून लिहिले होते, त्यामुळे उद्घाटनाच्या वेळीच ते गृहस्थ माजी होते असा अर्थ झाला.

कृष्णाकाठ

वरील प्रतिसाद कागदापुरता बिनचूक आहे, परंतु गाव कागदावर चालत नाही, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

८१ वर्षांच्या माणसाला व्यासपीठावर सगळ्यांसमोर ‘माजी सरपंच’ म्हणून हाक मारणे आमच्याकडे तरी उद्धटपणाच समजला जाईल. पद गेले तरी संबोधन राहते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मुलकी पाटलांची वंशपरंपरागत पदे १ जानेवारी १९६३ पासून कायद्याने रद्द झाली, पण त्या घरातल्या माणसाला ‘माजी पाटील’ म्हटलेले कोणी ऐकले आहे काय? ‘या पाटील, बसा’ हेच अजून चालू आहे. तीच गत सरपंचांची, अध्यक्षांची आणि सोसायटीच्या चेअरमनची. आमच्या गल्लीत एक गृहस्थ एकदाच अडीच वर्षांसाठी सभापती झाले होते. त्यांच्या नातवाच्या शाळेतही त्या मुलाला ‘सभापतींचा नातू’ म्हणतात. या संबोधनात पदाचा दावा नसतो, माणसाची ओळख असते.

शिवाय ‘माजी’ या शब्दाला अलीकडे एक वास आला आहे. निवडणुकीच्या दिवसांत विरोधकांना तो मुद्दाम ठासून म्हणायची सवय झाली आहे, त्यामुळे शब्द निर्दोष असला तरी कानाला टोचतो.

निवृत्त-विस्तार-अधिकारी

पाटलांचे उदाहरण चांगले आहे, पण ते तुमच्या बाजूने पुरते उभे राहत नाही. मुलकी पाटलाची जागा पुढे दुसऱ्या कोणी ‘पाटील’ म्हणून घेतली नाही, त्यामुळे जुन्या घराण्याला पाटील म्हटल्याने कोणाचे काही जात नाही. शिवाय पाटील हे आडनावही होऊन बसले. सरपंचाच्या खुर्चीवर मात्र आज एक व्यक्ती बसलेली आहे आणि गावात एका वेळी एकच सरपंच असतो. तुम्ही जुन्या सरपंचांना ध्वनिवर्धकावरून ‘सरपंच’ म्हणता, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरील बाईंना काय म्हणणार? कार्यवाहांची गेल्या वर्षीची अडचण नेमकी येथूनच सुरू झाली.

‘माजी’ या शब्दाविषयी म्हणाल तर तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ केवळ ‘होऊन गेलेला’ एवढाच आहे. वास शब्दाला नाही, म्हणणाऱ्याच्या आवाजाला असतो.

पारावर मात्र त्यांना सरपंच म्हणावे की आबा म्हणावे, हा तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे. तेथे मी स्वतःही निवृत्त झालेल्या गटविकास अधिकाऱ्यांना ‘साहेब’ असेच म्हणतो.

माजी-सरपंच-बाई

मी २०१५ ते २०२० या काळात एका छोट्या गावची सरपंच होते, तेव्हा सदस्यांमधून निवड होत असे. माझ्या अनुभवातून बाईंच्या संबोधनाविषयी लिहिते, कारण वरच्या चर्चेत तो भाग राहून गेला आहे.

राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, परंतु पत्रिकांची भाषा अजून त्याच्या मागेच आहे. माझ्या कारकिर्दीत आलेल्या पत्रिकांवर माझे नाव ‘सौ.’ लावून, पतीचे पूर्ण नाव मध्ये घालून, कंसात बारीक अक्षरांत ‘सरपंच’ असे असायचे, आणि त्याच्याच खालच्या ओळीत माझ्या पतीचे नाव ‘सरपंच पती’ या उपाधीसह ठळक अक्षरांत असायचे. असे पद कोणत्याही कायद्यात नाही. माझ्या पतींनीच एकदा संयोजकांना सांगितले की मला बोलवायचे असेल तर शेतकरी म्हणून बोलवा. तेव्हापासून ती ओळ बंद झाली, पण ते त्यांनी सांगितले म्हणून, मी आधी दोनदा सांगितले होते म्हणून नव्हे, हेही येथे नमूद करते.

‘सौ.’ की ‘श्रीमती’ याबाबत माझे मत स्पष्ट आहे. ‘श्रीमती’ सर्वांना चालते, ‘सौ.’ मधून बाईची वैवाहिक स्थिती सांगितली जाते आणि सरपंचपदाशी तिचा काही संबंध नाही. काही भागांत श्रीमती म्हणजे विधवा असा समज अजून आहे, म्हणून काही बायकांना स्वतःलाच ‘सौ.’ हवे असते. तेव्हा सर्वांत बरे म्हणजे सरळ विचारावे. ‘आपले नाव पत्रिकेवर कसे छापू?’ या प्रश्नाने मला कधी राग आला नाही. उलट पाच वर्षांत तो फार थोड्यांनी विचारला.

बोलताना मला वयस्कर माणसे ‘सरपंचबाई’ म्हणत, तरुण मुले ‘सरपंचताई’ म्हणत आणि कचेरीत ‘मॅडम’ म्हणत. तिन्ही आपुलकीनेच म्हटले जात असे, पण मला सर्वांत आवडले ते नुसते ‘सरपंच’. आपल्या भाषेत सोय आहे, पदाला बाई किंवा ताई जोडावी लागत नाही, क्रियापद ते काम करते: ‘सरपंच आल्या’, ‘सभापती म्हणाल्या’, ‘महापौर निघाल्या’. ‘नगरसेविका’ हे रूप रुळले आहे, ते राहू द्यावे. ‘सरपंचा’ असे मात्र कृपा करून कोणी लिहू नये, मी एका मानपत्रावर ते पाहिले आहे आणि ते मानपत्र अजून कपाटातच आहे.

आणि ‘माजी’ म्हटल्याने वाईट वाटते का, असा प्रश्न वर निघाला म्हणून सांगते. पहिल्यांदा ते ऐकले ते शाळेच्या झेंडावंदनाला. मी नेहमीच्या सवयीने पहिल्या रांगेकडे निघाले होते आणि मुख्याध्यापक ‘माजी सरपंचांनी इकडे यावे’ म्हणून दुसऱ्या बाजूची खुर्ची दाखवत होते. क्षणभर पाय अडखळला. पण खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी होती, अक्षर सुवाच्य होते, नाव बरोबर होते. मग काही वाटले नाही.

लेस्टरकर

मी गेली १८ वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि येथील महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला स्थानिक परिषदेचे सदस्य येतात, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू रोज समोर असते. येथे निवडून आलेल्या सदस्याच्या नावाआधी ‘कौन्सिलर’ लावतात, परंतु मुदत संपली की ते नावापासून सुटते आणि माणूस पुन्हा साधा मिस्टर किंवा मिसेस होतो. त्याचे कोणाला वाईट वाटलेले मी पाहिलेले नाही.

मात्र ज्यांनी दीर्घ सेवा केली आहे त्यांच्यासाठी एक वेगळी सोय आहे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार परिषदेला खास सभेत दोन तृतीयांश मतांनी माजी सदस्यास ‘ऑनररी ऑल्डरमन’ ही मानाची उपाधी देता येते. त्या व्यक्तीला मतदानाचा वगैरे अधिकार मिळत नाही, पण समारंभात बोलावले जाते. अनेक ठिकाणी माजी महापौर समारंभाला येताना ‘पास्ट मेयर’ असे लिहिलेले छोटे पदक गळ्यात घालून येतात. म्हणजे ‘माजी’ हा शब्द लपवण्याऐवजी तो दागिन्यासारखा मिरवला जातो. आमच्या मंडळाने एका पत्रिकेवर मराठीत ‘माजी महापौर’ असे छापले होते आणि त्या गृहस्थांनी त्याचा अर्थ विचारून ती पत्रिका चौकटीत लावण्यासाठी मागून नेली.

निवृत्त-विस्तार-अधिकारी

चांगली माहिती. आपल्याकडे अशी उपाधी नाही, आणि संविधानाच्या अनुच्छेद १८ मुळे सैनिकी आणि विद्याविषयक सोडून अन्य किताब शासनाला देताही येत नाहीत. पद्म पुरस्कारदेखील नावाआधी किंवा नावानंतर किताब म्हणून लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून त्यांच्या नावाआधी तो शब्द न छापलेली पत्रिका शोधावी लागेल, इतकी आपल्या लोकांना विशेषणांची हौस. तुमच्या जुन्या सरपंचांना एखादा पुरस्कार मिळाला असेल तर तो परिचयात सांगावा, नावाला चिकटवू नये.

सूत्रसंचालनाबाबत माझी सूचना अशी. पहिला उल्लेख पूर्ण असावा: ‘गावचे माजी सरपंच, ज्यांनी १५ वर्षे गावाचा कारभार पाहिला आणि या वाचनालयाला जागा मिळवून दिली, ते आदरणीय अमुक’. त्यानंतर संपूर्ण कार्यक्रमात गाव ज्या घरगुती नावाने त्यांना हाक मारते, आबा, अण्णा, तात्या जे असेल ते वापरावे. कृष्णाकाठ यांचाही आक्षेप त्यात मिटावा. ‘सरपंच’ हा शब्द त्या दिवशी ध्वनिवर्धकावरून फक्त बाईंसाठी उच्चारला जावा.

कृष्णाकाठ

मान्य. ‘आबा’ या शब्दापुढे कोणतेही पद फिकेच आहे. फक्त सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवा, आमच्याकडचा सूत्रसंचालक रंगात आला की उपसरपंचालाही आमदार करतो.

वाचनालय-कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी मी सरपंचांच्या कार्यालयात जाऊन ‘आपले नाव पत्रिकेवर कसे छापू?’ असे सरळ विचारले. त्यांनी कागद ओढून स्वतःच लिहून दिले: श्रीमती, स्वतःचे नाव, आडनाव, खाली ‘सरपंच’. मधले नाव त्यांनी घातले नाही आणि मीही विचारले नाही. सभापती पंचायत समितीचे होते याची खात्री करून घेतली. नगरसेवकांच्या नावाखाली ‘माजी नगरसेवक’ असे घातले आहे.

नंतर वाड्यावर जाऊन आबांना मसुदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि ‘माजी’ या शब्दावर काहीच बोलले नाहीत. त्यांचा आक्षेप भलताच निघाला. जागा त्यांनी ‘दिली’ असे मी परिचयात लिहिले होते, ती ग्रामसभेने ठराव करून दिली, तसे दुरुस्त करा, असे त्यांनी सांगितले. ठरावाची तारीखही त्यांना पाठ होती. दप्तरात पाहून ती पत्रिकेत घालत आहे. पत्रिका आज छापखान्यात जाईल, आणि या वेळी जुळणी करणाऱ्या मुलाच्या शेजारी मी स्वतः बसणार आहे.